मेजर भूकंपाची उजवी मूठ

माझ्या नाकाची किंमत काय करावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जुन्या खेळण्यांची पारख करणारा माणूस डिचोली-पेडण्यात मी एकटाच, म्हणजे विचारणार कोणाला? शिवाय आपल्याच मालाची किंमत आपण करायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. तो मीच केलेला आहे, पण नियम तो नियम.

दिवाळी अंकासाठी कामाबद्दल काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा बायको नारळ किसत होती. ती हात न थांबवता म्हणाली, “काम खंयचां? बावल्यांचे वास घेत गावभर फिरतास, तेका काम म्हणतत?”

तिच्या बोलण्यात खोटं काही नाही. आमच्याकडे बाहुल्याला बावलो म्हणतात आणि मी बावल्यांचे वास घेतो. शहरातली माणसं त्यांना ‘अ‍ॅक्शन फिगर’ म्हणतात. आपल्या लहानपणी टीव्हीवर जे वीर धडपडत होते, त्यांचे वीतभर उंचीचे, हातपाय हलणारे प्लास्टिकचे अवतार. तेव्हा ज्यांना ते मिळाले नाहीत, ती मुलं आता टक्कल पडलेली मोठी माणसं झाली आहेत आणि मिळेल तिथून ते गोळा करत सुटली आहेत. माणूस एवढा वेडा झाला की त्याला फसवणारेही लगेच तयार होतात. त्या दोघांच्या मधे माझं नाक.

हे नाक मला औद्योगिक वसाहतीनं दिलं. मी डिचोलीच्या एका कारखान्यात बादल्या, टमरेलं आणि घमेली काढायच्या मशीनवर उभा राहून म्हातारा झालो. शेजारच्या मशीनवर धोंडिबा होता, कोल्हापूरकडचा. तो मला डोळे मिटायला लावायचा आणि प्लास्टिकचे दाणे नाकाखाली धरायचा. “वास घे आन् बोल, लेका. नवा हाय का जुना वितळून काढल्याला?” चुकलो की चहा मी पाजायचा. पहिली काही वर्षं धोंडिबाला चहाचा खर्चच नव्हता. पुढे पुढे तो स्वतःच्या पैशांनी प्यायला लागला आणि मला शिव्या द्यायला लागला, तेव्हा मी ओळखलं की माझं शिक्षण पुरं झालं.

आता एकदा पेडण्याहून डिचोलीला येताना बसमध्ये मी मागच्या बाकावर होतो. पुढे चालकाजवळ एक गृहस्थ पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मी तिथूनच ओरडलो, “पिशवीतलो बावलो खोटो आसा, परत करा.” गृहस्थांनी बस थांबवली, उतरले आणि उलट्या दिशेच्या बसमध्ये चढले. मधे मासळीच्या टोपल्या होत्या, तरीही. ही गोष्ट मी सांगितली की बायको म्हणते, “आनी घरात ग्यास उघडो ऱ्हवलो तो ह्या नाकाक कळाक नाय.” गॅस हा माझा विषय नाही, एवढंच मी म्हणेन.

बाहेरच्यांना कळावं म्हणून धंद्याच्या चार गोष्टी सांगतो. बावले तीन जातींचे. डबाबंद म्हणजे ज्याचा खोका कोणी उघडलाच नाही. याची किंमत आभाळाला लागते, पण मला त्याची दया येते. इतकी वर्षं खोक्यात उभं राहून बिचारा कोणाशीच लढला नाही. सुटा म्हणजे खेळलेला, पण अंगाने पुरा. आणि थोटा म्हणजे ज्याचा एखादा अवयव किंवा हत्यार गेलं. थोटे पोत्याने मिळतात. पारखताना आधी तळपाय बघायचा, साच्याचा आकडा तिथे असतो. मग सांधे हलवायचे. खऱ्या जुन्या बावल्याचा गुडघा माझ्या गुडघ्यासारखा वाजतो. मग अंगावर बोट फिरवायचं, कारण जुन्या मऊ प्लास्टिकला घाम सुटतो, चिकट लागतं. आणि शेवटी वास. अगदीच अडलं तर जीभ. पण जीभ मी गिऱ्हाइकासमोर सहसा लावत नाही, लोक नंतर हात मिळवत नाहीत.

आता मेजर भूकंपाबद्दल. आमच्या भागातल्या पन्नाशीच्या माणसासमोर हे नाव काढून बघा, तो हातातलं काम टाकेल. रविवारी सकाळी मालिका लागायची. मेजर खाकी वर्दीतला, छातीवर तडकलेल्या जमिनीचं चित्र, आणि उजवी मूठ डावीच्या चौपट, लालभडक, गोल गरगरीत. ती जमिनीवर आपटली की पिवळ्याधमक सम्राट गंधकाचं सगळं सैन्य कोसळायचं. गावात टीव्ही एकाच घरी, तो मास्तरांचा. मालिका संपली की पोरं बाहेर येऊन जमिनीवर मुठी आपटायची. त्या काळात पेडण्यात शेणाने सारवलेलं एकही अंगण धड राहिलं नव्हतं.

मग मेजरचा बावलो आला. त्याच्या कोपरापाशी एक बटण होतं. दाबलं की आतल्या स्प्रिंगने मूठ सुटायची आणि सुसाट जायची. जायची ती जायचीच. पहिल्याच दिवशी हरवायची. गोव्यातल्या निम्म्या विहिरींच्या तळाशी एकेक मूठ आहे, असा माझा अंदाज. नार्व्याला नदीकाठच्या एका म्हशीने तर ती गिळली होती. त्यानंतर ती पाय आपटायची तेव्हा गोठ्यातलं दही मोडायचं. म्हैस मी स्वतः पाहिलेली आहे. दही पाहिलं नाही.

त्यामुळे आज मेजर भूकंप पुष्कळ मिळतात, पण सगळे थोटे. अस्सल मूठ मी कधी पाहिलीच नव्हती. खोट्या पाहिल्या. एक तर आमच्या धोंडिबानेच पाठवली, तिसऱ्या माणसाच्या हातून, माझी परीक्षा घ्यायला. साचा बनवून, लाल ओतून, चहात भिजवून, फरशीवर घासून जुनी केली होती. मी नाकाला लावली आणि निरोप पाठवला, “चहात बुडवलेली बादली आहे.” संध्याकाळी त्याचा फोन. “नाक हाय का काय हाय रं ते? आन् चहा साखरंचा व्हता का बिनसाखरंचा ते सांग.” मी बिनसाखरेचा म्हटलं. फोन आपटला त्याने.

सगळ्यात पिसाट गिऱ्हाईक हरमलचा अर्जुन. बंगळुरूची नोकरी सोडून आला, किनाऱ्याच्या रस्त्याला कॅफे काढला आणि भिंतभर बावले लावले. खाली परदेशी माणसं पॅनकेक खातात, वर सम्राट गंधक त्यांच्याकडे बघत असतो. अर्जुनच्या मधल्या फळीवर मेजर भूकंप आहे, थोटा. त्याच्यासमोर हा रोज सकाळी उदबत्ती लावायचा तेवढा बाकी आहे. याची आई बेळगावची, त्यामुळे मराठी बोलतो. महिन्याला फोन ठरलेला. “काका, मूठ?” मी म्हणायचो, “नाही.” तो म्हणायचा, “मग ठेवतो.” असं सरळ गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं.

आता मुद्द्यावर येतो. यंदाच्या चवथीची गोष्ट. चवथ म्हणजे गणपती, गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो. पेडणे तालुक्यातलं एक गाव. नाव सांगत नाही, कारण दोघेही भाऊ दिवाळी अंक विकत घेऊन वाचतात.

एका बाईंचा फोन आला. “बावल्यांची किंमत करतास ते तुमीच मगे? विसर्जनाच्या दिसा सकाळी येवा. आमच्या घरात एक मेजर आसा. थोटो.” मी म्हटलं, थोट्यासाठी सणाच्या दिवशी कशाला, नंतर येतो. तर म्हणाल्या, “नंतर येवन उपेग नाय.”

गेलो. ओसरीच्या सोप्यावर, म्हणजे बांधीव बाकावर, दोन भाऊ बसले होते. या टोकाला थोरला वसंत, घरची बागायत बघणारा. त्या टोकाला धाकटा मोहन, वास्कोला बंदरात नोकरी करणारा, चवथीपुरता आलेला. दोघांच्याही मिशा पिकलेल्या. मधे मेजर भूकंप उभा, उजव्या हाताला भोक. फोन करणाऱ्या बाई म्हणजे वसंताची बायको, घरातली वयनी. मीही त्यांना वयनीच म्हणायला लागलो.

मी खुर्ची ओढली. तळपाय बघितला, गुडघा वाजवला, घाम पुसला. अस्सल माल. विचारलं, “मूठ?”

वसंत समोरच्या तुळशीकडे बघत म्हणाला, “मूठ खंय तां तेका विचारा.”

मोहन म्हणाला, “वयनी, दादाक सांग, मूठ दादाच्या ट्रंकेत बघ म्हणान.”

“तेच्या वयनीन ट्रंक धा फावटी उपडी केली,” वसंत तुळशीलाच सांगत होता. “वास्कोचां कपाट मातर आजून कोणी उघडूक नाय.”

वयनी मधे उभ्या. दोघांची तोंडं दोन दिशांना, आणि निरोप पोचवायचं काम त्यांच्याकडे. तेही त्या करत नव्हत्या, कारण दोघांनाही एकमेकांचं नीट ऐकू येत होतं.

मला पाणी द्यायच्या निमित्ताने त्यांनी आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. या दोघांच्या बाबांनी म्हापशाच्या बाजारातून हा मेजर आणला. एक बावला, दोन पोरगे. त्याच वर्षी, चवथीच्या आदल्या दिवशी, मूठ नाहीशी झाली. वसंत म्हणाला मोहनने चोरली, मोहन म्हणाला वसंताने. पोरांचं भांडण होतं, मोठेपणी विरायला हवं होतं. पण दर वर्षी कोणीतरी थट्टेत ते काढायचं आणि दर वर्षी ते थोडं जास्त लागायचं. आई होती तोवर तिच्या धाकाने दोघं एका पंगतीत जेवले. आई गेली. नारळी वाटून झाल्या, काजूची बाग वाटून झाली, न्हाणीतलं पाणी तापवायचं तांब्याचं भाणसुद्धा ठरलं. राहिला एवढा बावला.

“बावल्याचां काय जावचां तां जायत,” वयनी म्हणाल्या. “पण भावजी म्हणतत, ज्या घरात माका चोर म्हणतत थंय मी फुडल्या चवथीक येवचंय नाय. माझो गणपती वास्कोक. आज सांजेक गाऱ्हाणां. हे देवाक तसा सांगतले. आनी एकदा देवाक सांगलां काय मगे परत फिराक येना.”

गाऱ्हाणं म्हणजे विसर्जनाआधी घरचा थोरला देवासमोर उभा राहून मोठ्याने जे काय मागायचं, सांगायचं ते सांगतो, आणि मागचे सगळे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. कागदावर सही केलेली माणसं फिरतात. गाऱ्हाण्यात बोललेलं कोणी फिरवत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा एक गणपती, त्याचे दोन होणार होते, आणि तेही लिंबाएवढ्या प्लास्टिकच्या तुकड्यापायी. मी गंभीर झालो. माझ्यासारख्या माणसाला ते जमत नाही, पोटात वात धरतो.

दुपारची आरती सुरू झाली. वयनी मला म्हणाल्या, “तुमी हयसर उबे ऱ्हवा, हयसर वारो लागता.” मी उभा राहिलो, गणपतीच्या अगदी जवळ, माटोळीच्या खाली. माटोळी म्हणजे देवाच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट. रानातली जेवढी फळं, फुलं, शेंगा आणि पानं मिळतील तेवढी तिला केवणीच्या, म्हणजे एका रानझुडपाच्या सालीच्या, दोरांनी बांधतात. यांची माटोळी म्हणजे आख्खं रान उलटं टांगलेलं. तोरिंजन, आंबाडे, सुपारीचे घोस, नारळांचा घड, आणि लालकेशरी कवंडळं. कवंडळ म्हणजे रानवेलीचं लिंबाएवढं गोल फळ. इतकं कडू की देवाशिवाय कोणी घेत नाही.

मोहन उंच. त्याने कापराची आरती अशी काही वर उचलली की ज्योत माटोळीला लागते की काय असं वाटलं. आणि माझ्या नाकाने कान टवकारले. धूप, कापूर, पिकलेला आंबाडा, केवड्याचं पान, या सगळ्याच्या मागून एक वास येत होता. बादलीचा नाही. नव्याचा नाही. कडक, जुना, लहानपणीच्या खोक्यातला वास. गरम झालेलं जुनं प्लास्टिक.

मी वर बघितलं. गणपतीच्या बरोब्बर डोक्यावर, ताज्या कवंडळांच्या घोसात एक जुनं कवंडळ होतं, धुराने काळवंडलेलं, हळदकुंकवाची पुटं चढलेलं.

माझी नजर वसंताने पकडली. त्याची छाती फुगली. “तां बाबांच्या हातचां कवंडळ,” तो हळूच म्हणाला. “माटोळी रिती ठेवची नाय म्हणान आमी एक फळ फुडल्या वर्सापर्यात बांदूनच ठेवतो. बाबांनी तां ठेवलां. दुसऱ्या वर्साक बघतो तर तशाक तसां. तिसऱ्या वर्साक तसांच. आजून कुसूक नाय. आख्खो वाडो पाया पडाक येता.”

आता माझी पंचाईत बघा. मी बसभर माणसांना ओरडून सांगणारा, आणि इथे तोंडाला कुलूप. भर आरतीत, देवासमोर, एका घराला कसं सांगायचं की तुमचा चमत्कार साच्यातून निघालेला आहे? खोटं मी चालता चालता बोलतो, मला त्याचा ताण येत नाही. पण खरं बोलायला मला आधी निमित्त शोधावं लागतं.

आरती संपली. मी म्हटलं, “वसंतबाब, बावल्याची किंमत करायची तर मला त्या कवंडळाचा वास घ्यावा लागेल.”

“बावल्याचो आनी कवंडळाचो संबंद काय?”

“घरची हवा बघावी लागते. प्लास्टिकवर परिणाम होतो.” हे मी तिथल्या तिथे रचलं. पण आवाज असा लावला की मलाही पटलं.

“विसर्जनाआदी माटोळी सोडीत नाय.”

“सोडू नका. मी वर चढतो.”

स्टूल आणलं. मी चढलो. माझं वजन आणि स्टुलाचं वय बघून मोहनने एका बाजूने धरलं. एका बाजूने पुरेना, म्हणून वसंताने दुसऱ्या बाजूने धरलं. मी नाक लावलं. मग, देव मला क्षमा करो, जीभ लावली.

खालून वसंत ओरडला, “अहो, चाटतास कित्याक?”

मी पँटच्या खिशातला रुमाल काढला आणि कवंडळावर अंगठा घासला. काळं गेलं. हळद गेली. खाली लाल निघालं. अजून घासलं. चार बोटं निघाली. वळलेली, घट्ट, एकमेकांना चिकटलेली. वर अंगठा.

मी स्टुलावर, नाक कुंकवाने लाल, आणि खाली दोघे भाऊ स्टुलाचे पाय धरून माना वर करून बघताहेत. सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र उभं राहत असणार. चवथीचा आदला दिवस. दोन पोरं ओसरीवर मेजरची मूठ उडवताहेत. मूठ सुटते आणि कवंडळांच्या ढिगात जाऊन पडते. बाबा ढिगातलं एकेक फळ उचलून केवणीने बांधताहेत.

मोहन पहिल्यांदाच वयनीला मधे न घेता बोलला. “दादा, बाबांचो चष्मो.”

वसंत म्हणाला, “त्या वर्साक म्हशीन पाय दिल्लो तेच्यार.”

“मगे दिवाळीपर्यात चष्मो नाय आसलो.”

“नाय आसलो.”

वसंताला आई आठवली. तो म्हणाला, “आवय रोज नमस्कार करी रे तेका.”

“आवय सोड,” मोहन म्हणाला. “पोर्टात नोकरी लागाक मी नवस केल्लंय ह्या कवंडळाक. गुपचूप.”

“लागली मगे?”

“लागली.”

तिथे वसंत फुटला. आधी पोटातून गुरगुर आली, मग खांदे हलायला लागले, मग स्टूल हलायला लागलं, आणि मग मी. मोहन तर खाली बसून हसत होता, मला धरायचं सोडून. मी केवणीचा दोर धरून लोंबकळत राहिलो, आंबाडे डोक्यावर पडत होते. वसंत डोळे पुसत म्हणाला, “मेल्या, मीय केल्लंय. पोरगी परीक्षेत पास जावंदे म्हणान.” मग दोघांना आणखी एक लाट आली. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ बावले उभे केले आहेत, पण दोन जाणती माणसं एका मुठीने कोसळलेली प्रथमच पाहिली. मेजर भूकंप खरा निघाला.

मूठ सोडायची की नाही, यावर चर्चा झाली. वसंत म्हणाला, माटोळीचं फळ सोडत नाहीत. मोहन म्हणाला, हे फळच नाही. शेवटी वसंताने देवाला विचारलं, हात जोडले, आणि गाठ सोडली. मोहनने मेजर आणला. मूठ हाताच्या भोकात घातली. खट्. बसली. पुरा मेजर भूकंप, मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो.

“उडयता?” मोहनने विचारलं. पन्नाशीच्या माणसाचा आवाज दहा वर्षांच्या पोरासारखा झाला होता.

मी तज्ज्ञ. मी म्हटलं, “शक्य नाही. इतक्या वर्षांत आतली स्प्रिंग गंजून पीठ झालेली असते. धंद्यातला माझा अनुभव सांगतो.” आणि हे नीट समजावून देण्यासाठी मी मेजर तोंडासमोर धरला, मूठ माझ्याकडे, आणि बटण दाबलं.

त्या काळातल्या कारखान्यांचा माल चांगला होता.

वयनी फडक्यात बर्फ घेऊन आल्या. मी खुर्चीवर मागे मान टाकून पडलो होतो, नाकाचं वांगं झालं होतं. त्या बर्फ लावताना हळूच म्हणाल्या, “वारो लागलो मगे?”

मी एका डोळ्याने वर बघितलं. त्यांनी मला उभं केलं होतं त्या कोपऱ्यात पंखा नव्हता. खिडकीही नव्हती.

“दर वर्साक तेका हळदकुंकू मीच लावतंय, बोटांक कळता,” त्या तशाच हळू बोलल्या. “पण सासऱ्यांच्या हातचां, सासूबायन पूजलेलां. सुनेन सांगलां तर घरात आग लागतली. तुमच्या नाकान सांगलां तां बरां.”

इतकी वर्षं मी लोकांच्या बावल्यांची पारख करत होतो. माझी पारख अशी कोणी केली नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. अर्जुन. त्याचा महिन्याचा फोन, बरोबर त्याच दुपारी, याला मी काय करू.

“काका, मूठ?”

“आहे.”

पलीकडे काहीतरी पडून फुटल्याचा आवाज आला. पॅनकेकची बशी असावी. “कुठे आहे?”

“आत्ता माझ्या नाकावर होती.”

त्याने जो आकडा सांगितला तो मी इथे लिहीत नाही, पण त्यात नवी कोरी मोटरसायकल येऊन वर पेट्रोल उरलं असतं. फोनचा आवाज मोठा होता, दोघा भावांनी ऐकला. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मीही त्यांच्याकडे बघायला लागलो, कारण मधल्या माणसाचाही त्यात थोडा वाटा असतो.

वसंताने वयनींना विचारलं, “माटोळीक बांदलेलां विकतत काय?”

वयनी म्हणाल्या, “देवाम्होरलो नारळ विकतत काय?”

झालं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा एका नारळावर आपटून फुटला. अर्जुनला सांगितलं, तर म्हणाला, “निदान बघायला येऊ?” पुढच्या चवथीला ये, म्हटलं. नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या, त्याही खा.

ऊन कललं तेव्हा सगळे गणपतीसमोर उभे राहिले. मूठ त्याच केवणीने, त्याच जागी, देवाच्या डोक्यावर परत बांधलेली. गाठ मोहनने मारली, वसंताने ती दोनदा तपासली आणि पुन्हा मारली, त्यावरून थोडी वादावादी झाली. मेजर देवाच्या बाजूला, समईपाशी उभा. मी नाकावर बर्फाचं फडकं धरून मागच्या ओळीत.

वसंताने हात जोडले. “बा देवा म्हाराजा, वर्सापरमाणां तुझी सेवा केली, ती मानून घे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आमच्या बाबांक दिसाक नाय, तेंनी कवंडळ म्हणान मूठ बांदली. ती तू आजपर्यात कवंडळ म्हणान मानून घेतलंस. फुडेंय मानून घे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“थोरल्यान धाकट्याक चोर म्हटलां, धाकट्यान थोरल्याक. तां पोटात घाल रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” मोहनचा आवाज जरा चिरकला.

“आनी फुडल्या वर्साक…”

वसंत थांबला. वयनींनी पदर घट्ट धरला. मोहन जमिनीकडे बघत होता. वसंताने मान वळवून धाकट्याकडे बघितलं, मग वर, त्या लाल मुठीकडे.

“फुडल्या वर्साक ह्याच घरात, ह्याच पाटार येवन बस. आनी वास्कोच्या मंडळीक येक दीस आदी धाड रे म्हाराजा. माटोळी बांदूक हात उणे पडतत. बावलो आता धाकटो वास्कोक घेवन जातलो, येताना तेका घेवन येवंदे.”

मोहनचा ‘व्हय म्हाराजा’ हरमलपर्यंत ऐकू गेला असणार. अर्जुनला मी नंतर विचारलं, तो म्हणतो, ऐकू आला.

मीही ओरडलो, अगदी मनापासून. नाक बंद होतं, त्यामुळे माझं ‘ब्हय बाराजा’ असं निघालं. पुढे आठवडाभर मला कसलाच वास येत नव्हता. घरी आलो तर बायको म्हणाली गॅस उघडा राहिला होता, आणि या वेळी मात्र माझ्याकडे कारण होतं.